लाल दोऱ्याची कणसं

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, रानातली वेळ अमावस्या. पहिल्या एसटीनं मंगळवेढा, तिथून वडापच्या जीपनं अक्काच्या गावाला. हे आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. टीव्हीपुढं चार तास बसून दुखत नाहीत ते.

रानात महानंदानं कडब्याची कोप, छोटं खोपटं, घालून ठेवली होती. अक्काचं रान आता तीच आणि तिचा नवरा बघतात, वाट्यानं. पाच दगड मांडले, पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. दर वर्षी अक्का आंबील शिंपत रानभर फिरते. यंदा दहा पावलं गेली आणि बांधावर बसली. श्वास पुरेना. म्हटलं, सोलापूरला चल, डॉक्टरला दाखवू. म्हणाली, "आंबील शिंपून ये आदी." मीच शिंपली.

आव्वाच्या जोंधळ्याच्या सहाच ओळी आहेत यंदा, रानाच्या मधोमध. बाकी सगळी मालदांडी, सगळीकडं असते ती ज्वारी. आव्वा, आमची आई, लग्न होऊन आली तेव्हा विजापूरकडनं ओच्यात घेऊन आलेला हा जोंधळा. ती गेल्यावर अक्कानं तो आपल्या सासरच्या रानात नेला आणि टिकवला. मी तरी दुसरीकडं कुठं बघितला नाही. दाणा एका चोळ्यात सुटतो, कूस हाताला टोचत नाही. हुरडा असा गोड की गूळ मागायची गरज नाही.

येताना पिशवी भरून वाल, पावटा, कडक भाकरी. ओझं उचलून हात भरून आले. पण छान वाटतंय.

५ जानेवारी, रविवार

कॉलनीच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक. विषय: 'जवळचं पिकतं ते खा'. टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी. मी सगळ्यांसमोर बोलले. कुलकर्णी सर, आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, वरमले बिचारे. तांब्या-भांडं आणायला स्वतः घरी गेले. नंतर मलाच वाईट वाटलं.

सरांचं म्हणणं, लोक भाषणाला कंटाळले, आता चव दाखवली पाहिजे. मी म्हटलं, माझ्या बहिणीकडं हुरड्याला चला सगळे. असा जोंधळा खाल्ला नसेल जन्मात. टाळ्या पडल्या. (मला टाळ्या आवडतात. लिहून ठेवते, खोटं कशाला.)

अक्काला फोन केला. आधी किती माणसं विचारलं. तीसएक म्हटल्यावर म्हणाली, आण की, पावण्याला न्हाई म्हनत्यात व्हय. एवढंच सांगितलं की महानंदाला संगं घ्या, कुठलं खुडायचं ती दावंल.

१६ जानेवारी

गड्ड्याची जत्रा. पाय मोडले चालून. शेंगाचटणी दोन किलो कुटून घेतली रविवारसाठी. यांनी अर्धी वाटी नुसतीच खाल्ली. रविवारी येताय का विचारलं तर गुडघे.

१९ जानेवारी, रविवार

हुरडा झाला. बत्तीस माणसं. दोन गाड्या.

अक्का घराच्या पायरीवर बसून होती. रानापर्यंत यायचं बळ नव्हतं तिच्यात. सगळ्यांना गूळपाणी दिलं, बायकांना हळदीकुंकू लावायला मला सांगितलं. महानंदा धारा काढून ताक घेऊन येणार होती, ती येईपर्यंत थांबा म्हणाली. पण आगटी पेटलेली, गोवऱ्या लाल झालेल्या, माणसं भुकेली. म्हटलं, जोंधळा मला काय नवीन आहे? चला.

सरळ आव्वाच्या ओळींत नेलं. पुष्कळ कणसांच्या देठाला लाल दोरा, जुन्या लुगड्याची दशी. बी विंगेतल्या जोशीबाईंनी विचारलं, ताई हा दोरा कसला? आव्वा बांधायची असा दोरा, तेवढं डोळ्यापुढं आलं. का बांधायची ते आठवेना. पाचवीपासून मी सोलापूरला हॉस्टेलवर, रान म्हणजे सुटीतलं. पण दुसरं काय असणार? सांगितलं, पाहुण्यांसाठी चांगली कणसं हेरून ठेवतात, त्याची खूण. दोऱ्याची आधी घ्या.

मग काय, सगळे दोरे शोधत सुटले. सर तर लहान पोरासारखे. पस्तीस-चाळीस कणसं त्यांनीच गोळा केली असतील. हुरडा, शेंगाचटणी, दही. जोशीबाई डोळे मिटून खात होत्या. एक जण म्हणाला, ताई, हे खाल्ल्यावर कळलं तुम्ही तीन वर्षं काय बोंबलत होता.

महानंदा ताक घेऊन आली तेव्हा निम्मं झालं होतं. घागर खाली ठेवून उभी राहिली नुसती. मी म्हटलं, ये, खा. नको म्हणाली. ताक वाटलं आणि गेली.

निघताना अक्काच्या पाया पडले सगळे. तिनं विचारलं, "पोट भरलं का समद्यांचं?" भरलं म्हणाले.

२० जानेवारी

ग्रुपवर फोटोच फोटो. लाल दोरा मनगटाला बांधलेले फोटो. सरांनी लिहिलं, 'अतिथीसाठी राखलेलं कणीस: आपली संस्कृती'. मी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं.

२ फेब्रुवारी, रविवार

अक्काला रात्री श्वास लागला. अक्काचा पुतण्या बसवराज गाडीत घालून सोलापूरला घेऊन आला. दवाखान्यात ठेवलंय. हृदय मोठं झालंय म्हणाले. म्हणजे काय ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मला कळलं नाही. कळलं असं दाखवलं.

महानंदा सोबत आलीय. संध्याकाळी माझ्याकडं आणलं तिला, आंघोळ कर, दोन घास खा म्हणून. भाकरी थापत होते. ओट्याशी उभं राहून हळूच म्हणाली, "बाई, एक बोलू का? ती दोऱ्याची कणसं बियाची हुती."

हातातली भाकरी फाटली.

हुरडा सुरू व्हायच्या आधी अक्का एकेक कणीस पारखून दोरा बांधते. दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही. पाखरांपासून राखायचं, वाळू द्यायचं, मग काढून गाडग्यात. एवढंच. आव्वा पण तेच करायची. माझ्या डोळ्यांदेखत करायची.

म्हटलं, तू तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "पावणे खात हुते की. खानाऱ्याच्या हातातनं कसं काडून घ्यायचं? आनि मला वाटलं, तुमच्या भनीनंच सांगितलं आसंल."

जेवली नाही ती. मीही नाही. यांनी विचारलं काय झालं, तर काही नाही म्हटलं.

४ फेब्रुवारी

हे अक्काजवळ थांबले. (गुडघ्यांचं नाव काढलं नाही. शहाणा माणूस आहे वेळेला.) मी महानंदाबरोबर गावाला जाऊन आले. सहा ओळींत जे उरलं ते चिमण्यांनी फोलपट करून ठेवलंय. चार कणसं मिळाली, चोळली तर सगळं पोचट.

म्हटलं, मागचं राखून ठेवलेलं असेल. अक्का नेहमी दोन वर्षांचं बी ठेवते. गाडगं काढलं. कडुलिंबाचा पाला, राख, सगळं होतं, पण वर झाकणाचं फडकं फाटलेलं. दिवाळीपासून अक्काला वाकता येत नाही, हात फिरवला नाही कुणी. हात घातला तर पीठ आणि भुंगे. एक दाणा अख्खा नाही.

महानंदानं गाडगं माझ्या हातातून काढून घेतलं. परड्यात मी किती वेळ बसले होते माहीत नाही. तिनंच उठवलं, गाडी जाईल म्हणाली.

एसटीत शेजारी एक पोरगी वेफर्स खात होती. इतर वेळी मी व्याख्यान दिलं असतं.

७ फेब्रुवारी

अक्का जरा बरी. पेज प्यायली. मी समोर बसते, पाय चेपते, सांगत काही नाही. सांगायचं ठरवून जाते आणि तिचा चेहरा बघून सफरचंद चिरत बसते. सफरचंद. कुठल्या कुठून आलेलं. मंडळाच्या ताईंना बघा म्हणावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिनंच विचारलं. दुपारी, जेवणाचे डबे गेल्यावर.

"सुमे, बी काडलंस का?"

मी म्हटलं, "काढलं."

"दोऱ्याचं?"

"व्हय. दोऱ्याचं."

बघत राहिली माझ्याकडं. मी चादर सारखी करत होते. मग म्हणाली, "पंचमीच्या ओटीचं काय केलंस गं?"

मला आठवेना. नागपंचमीला तिनं भरलेली ओटी. आमच्यात ओटीला तांदूळ नाही, जोंधळाच. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात, अक्कानं ते कधी मानलं नाही. ओटीचं दुसऱ्या दिवशी शिजवून खायचं, घरातच, बाहेर द्यायचं नाही. केलंच असेल मी. ते पडून राहिलं म्हणजे माहेरचा मान ठेवला नाही असं होतं. म्हटलं, "दुसऱ्याच दिवशी भाकरी केली की. यांनी पण खाल्ली."

"बरं," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. झोप लागली असेल म्हणून मी बाहेर येऊन बसले.

लाज वाटते. पण आजारी माणसाला काय सांगायचं? बरी झाली की सांगेन, भांडेल, शिव्या देईल, देऊ दे.

१४ फेब्रुवारी

पहाटे साडेपाचला गेली अक्का.

मी चहा आणायला खाली गेले होते.

१५ फेब्रुवारी

काल दुपारी माती दिली. रानातच, बांधाच्या वरच्या अंगाला. सहा ओळींची जागा तिथून दिसते. बसवराजनं उपटून टाकलीत तिथली ताटं, माणसांना उभं राहायला जागा व्हावी म्हणून. त्याला काय माहीत.

गावातल्या बायका रडताना म्हणत होत्या, आता आव्वाचा जोंधळा सुमाबाई चालवंल. मी मान हलवली.

९ मार्च, रविवार

कुलकर्णी सर घरी आले. पाडव्याच्या प्रदर्शनात अक्काच्या नावानं एक टेबल ठेवायचं म्हणतात. तिचा फोटो आणि आव्वाच्या जोंधळ्याच्या छोट्या पुड्या, प्रत्येक घराला एक, कुंडीत का होईना लावावा. फार मनापासून बोलत होते. त्यांनी दोरा अजून पाकिटात ठेवलाय, काढून दाखवला. म्हणाले, ताई, त्या दिवसापासून घरात गव्हाचं पीठ निम्म्यावर आणलंय.

माझ्या तोंडून निघालं, बघते.

सर गेल्यावर हे म्हणाले, सांगून टाक. यांना कधी कळलं? मी तर बोलले नव्हते. म्हणाले, झोपेत बोलतेस.

३० मार्च, पाडवा

प्रदर्शन. अक्काचा फोटो, हार, पणती. पुड्यांची थाळी रिकामी. सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, यंदा बी किडलं. खोटं नाही म्हणा. गाडग्यातलं किडलंच होतं.

सगळे हळहळले. जोशीबाई म्हणाल्या, बरं झालं, निदान आपल्याला एकदा तरी खायला मिळालं.

घरी येऊन बाथरूममध्ये रडले. हे बाहेर उभे होते बराच वेळ. मग म्हणाले, श्रीखंड फ्रीजमध्ये ठेवू का.

१८ मे

विजापूरकडच्या आव्वाच्या माहेरी जाऊन आले. आजोळी कुणी ओळखीचं उरलं नाही. मामाच्या नातवानं ओळख काढून घेतली, जेवायला घातलं, कन्नडमध्ये खूप बोलला. माझं कन्नड आता अडखळतं. जोंधळ्याचं विचारलं. त्यांनी जोंधळा पेरायचाच सोडलाय, ऊस आणि द्राक्षं. एका म्हाताऱ्या अज्जीला आठवत होता तो. हातानं कणीस कसं वाकतं ते करून दाखवलं. बी नाही.

उन्हानं डोकं धरलं. हे म्हणाले, फोन करून विचारता आलं असतं. गप्प बसा म्हटलं.

२२ जून

मंडळाची बैठक. गेले नाही. ताप आहे सांगितलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. लग्नानंतर पहिल्यांदा पंचमीला माहेर नाही. बांगड्या भरायला पण गेले नाही. सकाळपासून काही तरी करत राहायचं म्हणून लोखंडी कपाट आवरायला घेतलं.

साड्यांच्या मागं, हिरवा खण. गाठ मारलेला. वर कुंकवाचा डाग.

गाठ सोडायच्या आधीच हाताला कळलं.

जोंधळा. पसाभर. खोबऱ्याची वाटी काळी पडलेली, हळकुंड, सुपारी. मागच्या पंचमीची ओटी. शिजवलीच नव्हती मी. आठवलं आता. गावाहून आले त्याच संध्याकाळी हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता, 'पारंपरिक धान्यं' यावर माझंच भाषण. गडबडीत खण कपाटात ठेवला, उद्या बघू म्हणून.

पंचमी म्हणजे पेरणीच्या आधी. तेव्हा अक्काचं गाडगं भरलेलं होतं. चांगलं होतं.

यांना हाक मारली. ते आले.

३० जुलै

महानंदाला फोन केला. अक्का ओटीला जोंधळा कुठला घ्यायची विचारलं. म्हणाली, घरात खायला मालदांडीचं पोतं असतं, त्यातला घेत असतील. पण मग म्हणाली, तुमच्या ओटीचं मात्र माहीत नाही, ती आतल्या खोलीतनं भरून आणायच्या. आतल्या खोलीत गाडगी.

मग मी विचारलं नव्हतं ते तिनं सांगितलं. हुरड्याच्या संध्याकाळी अक्कानं तिला विचारलं होतं, दोऱ्याची राहिली का? "मी सांगितलं, बाई. खोटं कसं बोलू त्यांच्याम्होरं? समदी खाल्ली म्हनलं. त्या म्हनल्या, सुमीला बोलू नगंस, लई हौसंनं मानसं घेऊन आली हुती. तिच्या तोंडाची चव घालवू नगंस."

म्हणजे तिला ठाऊक होतं.

दवाखान्यात बी काढलंस का विचारलं तेव्हा ठाऊक होतं. दोऱ्याचं का, तेव्हाही. मी व्हय म्हटलं ते तिनं ऐकून घेतलं. आणि मग ओटीचं विचारलं. ते उगीच नव्हतं विचारलं. दिवाळीपासून गाडग्याला हात लागला नव्हता, ते किडलं असणार हे तिला कळत होतं. एकच पसा जोंधळा उरला होता तिच्या हिशोबी, तो माझ्याकडं होता, आणि ती विचारत होती आहे का. नीट आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. अक्का, घरी जाऊन बघते, एवढं म्हटलं असतं तरी. कपाट उघडलं असतं. नेऊन दाखवला असता खण, तीन दिवस होते हातात.

भाकरी केली म्हणून सांगितलं मी. वर यांनी पण खाल्ली.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. झोप लागली असेल म्हणे.

३१ जुलै

बी उगवतं का ते अक्का बघायची, तसंच केलं. वीस दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, वर ताट. स्वयंपाकघरातल्या खिडकीत. यांनी दोनदा उघडून बघितलं, दोनदा मी ओरडले त्यांच्यावर. दाण्यांत काही भोकं पडलेले आहेत. हळकुंडानं वाचले असतील उरलेले. एक वर्ष झालं त्यांना.

संध्याकाळी कुलकर्णी सरांकडं गेले. सगळं सांगितलं. दोरा कशाचा असतो, मी काय सांगितलं, पाडव्याला काय बोलले. सरांनी पाकिटातला दोरा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "चाळीस कणसं मी खुडली." मी म्हटलं, मी सांगितलं म्हणून. म्हणाले, तरी खुडली मीच ना.

चहा न पिता उठले. ते दारापर्यंत आले. रविवारी बैठकीत मीच सांगेन म्हटलं, सगळ्यांना. मान हलवली त्यांनी.

३ ऑगस्ट, रविवार

गोणपाट उघडलं. विसातले सहा उगवलेत. पांढरे कोंब, नखाएवढे. बाकीचे फुगले नुसते, वास येतोय.

हॉलमध्ये सांगितलं. भाषण नाही केलं. जोशीबाई उठून गेल्या मधेच, नंतर जिन्यात भेटल्या तेव्हा माझा हात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं कुणी तरी रागावेल. रागावले असते तर बरं झालं असतं.

बसवराजला फोन केला, रान आता त्याच्याकडं आहे. पुढल्या वर्षापासून ऊस लावणार आहे तो, पाइपलाइन आलीय. यंदा मधल्या ओळी घ्या म्हणाला, मावशी, विचारताय काय. महानंदा म्हणते, हस्ताच्या आत पेरू. विसात सहा तर सहा, पसाभर आहे, त्यातलं जेवढं येईल तेवढं. आव्वाचा का मालदांडी ते कणीस वाकल्यावर कळेल.

म्हटलं, महानंदे, तुला ओळखू येईल का? म्हणाली, "मी बघितलंय वं, पन पारख त्यांची हुती." मलाही येईल की नाही, माहीत नाही. माहीत नाही. लिहायला तरी जमलं.

सहा कोंब परत ओल्या फडक्यात ठेवले. उद्या कुंडीत लावते. बाकीचा जोंधळा त्याच खणात, गाठ मारून, लिंबाचा पाला घालून.

अक्का, ओटी शिजवली नव्हती गं मी.